तीन गिअर मागे, एक पुढे

माझे बेलवलीचे घरमालक शर्टाच्या खिशात पेनाऐवजी व्हर्नियर ठेवत. कारखान्यात लोखंडाची जाडी केसाच्या फरकाने मोजायला वापरतात ते माप. मी खोली बघायला गेलो तेव्हा त्यांनी चहा दिला, मी उचललेलं बिस्किट माझ्या हातातून मागून घेतलं, मोजलं आणि परत दिलं.

"मागच्या वर्षीपासून पातळ झालंय," ते म्हणाले. "कोणी बोलत नाही."

भाडं, पाणी, पाहुणे यांबद्दल ते काही बोललेच नाहीत. बिस्किटाची एवढी काळजी घेणारा माणूस भाडेकरूची फार घेणार नाही, असं वाटून मी त्याच दिवशी सामान आणलं.

गल्ली त्यांना फोरमन म्हणे. अंबरनाथच्या एका कारखान्यात ते एकतीस वर्षं लेथवर टर्नर होते. फोरमन ते कधीच झाले नव्हते. ही बढती गल्लीने दिलेली, निवृत्तीनंतरची. तिला त्यांची हरकत नव्हती, पण कोणी 'इंजिनिअरसाहेब' म्हटलं की चिडत. "इंजिनिअर कागदावर माप काढतो. लोखंड त्याचं ऐकत नाही. मग आम्हाला बोलावतात."

त्यांच्या मोजण्याला हद्द नव्हती. आमच्या वॉर्डात एका गटाराचं उद्घाटन झालं, तेव्हा टाळ्या थांबल्यावर फोरमन पुढे झाले, त्यांनी आधी गटाराची भिंत मोजली, मग कोनशिला. "दगड जास्त जाड आहे," त्यांनी जाहीर केलं आणि घरी आले. त्या वाक्याचा राग धरण्याइतकी अक्कल समारंभातल्या कोणाला नव्हती, म्हणून ते निभावलं. मी तेव्हा अंबरनाथच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होतो. दिवसभर मोठमोठ्या ग्रंथांच्या सहवासात राहून इतकं नेमकं वाक्य माझ्या वाचनात क्वचितच आलं होतं.

घराच्या बाजूला पत्र्याच्या शेडमध्ये त्यांची जीप असे. लष्कराने मोडीत काढलेली, पुढची-मागची चारही चाकं ओढणारी, पेट्रोलवर चालणारी जुनी गाडी. नोकरीत असताना हौसेने घेतलेली. ती मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा तिचं बॉनेट उघडं होतं आणि आत इंजिनाच्या जागी एक मोठं भोक होतं. भोकात मांजर झोपलं होतं.

"पेट्रोल काढून टाकलं," फोरमन म्हणाले. "घाबरट इंधन. त्याला दर वेळी ठिणगी दाखवावी लागते. ठिणगी ओली झाली की खेळ खलास. डिझेलचं तसं नाही. दाबलं की आपसूक पेटतं. आमच्या बायसारखं."

बाय म्हणजे त्यांची थोरली बहीण. ती जवळच्याच मांजर्लीत, उल्हास नदीपासून फार लांब नसलेल्या एका बैठ्या घरात एकटी राहायची. फोरमनपेक्षा दहा वर्षांनी मोठी, नऊवारी नेसणारी, काठीसारखी ताठ. आई लवकर गेल्यामुळे फोरमनना तिनेच वाढवलेलं. बेलवलीला भावाकडे राहायला ये म्हटलं की ती म्हणायची, "मना माजा घर हाय."

ठिणगी ओली कशी झाली ते फोरमननी मला एकदाच सांगितलं, तेही एक नट आवळताना. मी राहायला येण्याच्या आदल्या पावसाळ्यात मांजर्लीत पाणी भरलं. हे जीप घेऊन बायला आणायला गेले. तिला बसवलं. गल्ली अरुंद, गाडी वळवायला मागे-पुढे, मागे-पुढे करावं लागलं, तेवढ्यात पाणी इंजिनावर उडालं आणि गाडी बंद पडली. मग दोघं चार तास बॉनेटवर पाय वर घेऊन बसले. शेवटी बचावाची बोट आली. बोटीत चढताना बाय म्हणाली, "बोट आली म्हनून वाचले. तुजी गारी तं पानी बगूनच मरली. आता मना नाय बसाचा तुज्या गारीन."

"आमच्या लहानपणी शाळा नदीपलीकडे होती," फोरमन म्हणाले. "पावसाळ्यात मला खांद्यावर घेऊन पाण्यातनं न्यायची. पाण्यात कधी पाय घसरला नाही तिचा. आणि मी तिला चार तास पाण्यात बसवून ठेवली." नट आवळून झाला होता, तरी ते आवळतच राहिले.

त्या दिवसापासून बाय गाडीत बसली नव्हती. भाऊबीजेला ती मांजर्लीहून रिक्षाने यायची. रिक्षा फाटकाशी थांबायची, उतरून ती जीपला लागून जायची आणि तिच्याकडे बघायची नाही. ओवाळताना तिचा हात भावाच्या चेहऱ्याभोवती नेहमीसारखा फिरे. पण परतताना फोरमन सवयीने त्या इंजिन नसलेल्या गाडीची किल्ली उचलायला गेले की ती मला सांगे, "भाऊ, रिक्षा बगा जरा." फोरमन किल्ली परत खिळ्याला अडकवत. आणखी काही करताना मी त्यांना पाहिलं नाही.

एकदा मी म्हटलं, "काका, एवढा खटाटोप कशाला? बायना इथेच आणा ना राहायला."

"ती येणार नाही," ते म्हणाले. "आणि तिथे पाणी येणार. मधे जे राहतं ते माझं काम."

त्या कामाची सुरुवात त्यांनी भिंतीपासून केली. बायच्या घराच्या बाहेरच्या भिंतीवर पुराची रेघ उमटली होती. रंग देण्यापूर्वी फोरमननी कानस घेऊन त्या रेघेवर खाच पाडली आणि रस्त्यापासून तिची उंची घेतली. मग सगळी गाडी त्या खाचेवरून ठरली. इंजिनाला हवा पुरवणारा पाइप काचेच्या बाजूने वर नेला तो खाचेपेक्षा एक हात उंच. धुराचा पाइपही तसाच. डिझेल इंजिन वजनदार, म्हणून पुढच्या स्प्रिंगांना एकेक पाटा जास्त. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये बसणारी लोखंडी तबकडी त्यांनी जुन्या कारखान्यातल्या मित्राच्या लेथवर स्वतः कातली. ती बनवायला त्यांना सात आठवडे लागले, कारण पहिल्या दोन तबकड्यांत सुतळीच्या धाग्याएवढा फरक राहिला होता. "चालली असती," मी म्हटलं. "चालली असती," ते म्हणाले, "पण मला माहीत असतं."

इंजिन उल्हासनगरच्या भंगार बाजारातून आलं. तिथले एक सिंधी व्यापारी, ज्यांना सगळे नुसतं साईं म्हणतात, फोरमनचे जुने परिचित. त्या दुकानात मी सोबत गेलो होतो, शिकलेला माणूस म्हणून. साईंनी ताडपत्री ओढून इंजिन दाखवलं.

"बोट का है," साईं म्हणाले. "ट्रक-ट्रॅक्टर का नहीं. पानी में ही पैदा हुआ है. आपका काम पानी का है ना?"

फोरमनचा चेहरा असा झाला, जणू मुलगी बघायला गेले होते आणि पत्रिका छत्तीस गुणांनी जुळली. बोट बंद पडली नव्हती, हे बायने त्यांना ऐकवून ठेवलेलं. त्यांनी व्हर्नियर काढलं आणि दीड तास इंजिनावर वाकून राहिले. इंजिनाच्या अंगावर एक पितळी पट्टी होती. तिच्यावर झिजलेली अक्षरं आणि एक वळलेला बाण.

"हे काय?" फोरमननी विचारलं.

"कंपनी का निशान," साईं म्हणाले.

फोरमननी माझ्याकडे पाहिलं. मी चष्मा वर केला, पट्टी नीट पाहिली आणि ग्रंथपालाच्या आवाजात म्हणालो, "हो, बोधचिन्ह दिसतंय." माझ्या आयुष्यातली बरीच मतं मी याच पद्धतीने बनवली आहेत, पण एवढ्या लवकर उघडं पडलेलं हे एकच.

जीप तयार झाली ती जूनच्या तोंडावर. फोरमनना समारंभ नको होता. त्यांना फक्त बायला बोलवायचं होतं. गाडीची पहिली चाल तिने पाहावी, म्हणून ती नुसती ढकलत शेडबाहेर आणलेली, आणि जमलं तर तिने एक फेरी मारावी, एवढंच. पण गल्लीला कळलं, गल्लीतून वॉर्डातल्या पुढाऱ्यांना कळलं. हे गृहस्थ माजी नगरसेवक होते आणि फ्लेक्सवर स्वतःला भावी म्हणवून घेत. मधल्या काळाबद्दल फ्लेक्सवर काही नव्हतं. त्यांनी परस्पर मांडव घातला, खुर्च्या मागवल्या आणि 'पूरग्रस्तांसाठी सज्ज' असा, स्वतःच्या पूर्णाकृती छायाचित्रासह फ्लेक्स मांडवाच्या मागच्या बाजूला उभा केला. फोरमनचं छायाचित्र त्यावर पासपोर्टच्या आकाराचं होतं.

बाय आली, रिक्षानेच, आणि पुढच्या रांगेत बसली. गाडीला हार घातला गेला, नारळ फुटला, चाकांपुढे चार लिंबं ठेवली. पुढारी बोलले. भाषणात त्यांनी डिझेलला 'स्वदेशी भावना' म्हटलं. ती भावना येते कुठल्या देशातून याची वाच्यता मी केली नाही. मग फोरमन गाडीत चढले. बायकडे बघून म्हणाले, "बाय, एक चक्कर मारतो. मग तू."

 बाय पदर सावरून खुर्चीच्या कडेशी सरकली, उठायच्या बेतात. ते मी पाहिलं आणि फोरमननीही पाहिलं असावं, कारण त्यांनी खिशातलं व्हर्नियर विनाकारण चाचपलं.

इंजिन पहिल्या दणक्यात सुरू झालं. फोरमननी पहिला गिअर टाकला, क्लच सोडला आणि जीप मागे गेली.

त्यांना वाटलं, गिअर चुकला. त्यांनी दुसरा टाकला. जीप आणखी वेगाने मागे गेली. मग वीस वर्षांच्या सवयीने त्यांनी घाईत किल्ली फिरवून काढूनच घेतली. पेट्रोलची गाडी किल्ली काढली की थांबते. ही थांबली नाही. जुनं डिझेल इंजिन किल्लीचं ऐकत नाही. त्याचं तेल तोडायला एक वेगळी तार ओढावी लागते. ती तार फोरमननीच बसवली होती आणि त्या क्षणी तेच विसरले होते. हातात किल्ली घेऊन ते मागे-मागे जात राहिले, आणि जीपने मांडवाचे दोन बांबू, रिकाम्या खुर्च्यांची एक रांग आणि पूर्णाकृती पुढारी असं सगळं क्रमाने आडवं केलं. खरे पुढारी वेळेत बाजूला झाले, आणि मग फोरमनना तार आठवली. कोणाला खरचटलंसुद्धा नाही. पुढे ठेवलेली चारही लिंबं शाबूत राहिली.

शांततेत बायचा आवाज आला. "मांगं गेली." मग उठत, काठी घेत, "बरा झाला मी बसले नवते." आणि मला, "भाऊ, रिक्षा."

दुसऱ्या दिवशी आम्ही साईंकडे गेलो. साईंनी सगळं ऐकून घेतलं, गडीमाणसाला चहा सांगितला आणि मग पोट धरून हसले.

"अरे भाई, बोला था ना, बोट का है! बोट में दो इंजन रहते हैं. एक सीधा घूमता है, एक उलटा. तभी बोट सीधी जाती है. दोनों एक ही तरफ घूमे तो बोट टेढ़ी भागेगी. ये उलटावाला है."

"और सीधावाला?" फोरमननी विचारलं.

"वो तो कब का बिक गया. बर्फ के कारखाने में."

म्हणजे पट्टीवरचा बाण हे बोधचिन्ह नव्हतं. तो इंजिन कोणत्या बाजूला फिरतं हे सांगत होता, आणि आम्ही तिघांनी त्याच्याकडे बघून आपापल्या परीने मान डोलावली होती. फोरमननी इंजिनाची प्रत्येक गोष्ट मोजली होती. फक्त फिरण्याची दिशा व्हर्नियरवर येत नाही.

परत येताना अंबरनाथला त्यांनी बोटांवर गिअर मोजले. मग म्हणाले, "तीन गिअर मागे, एक पुढे." थोड्या वेळाने, "मागच्या चाकांचा दांडा उपडा करून बसवला, पुढचाही तसाच, तर चाकं सुलटी फिरतील. पाऊस संपला की करतो."

दरम्यान, कागदावर पेट्रोलच्या जागी डिझेल लिहून मिळावं म्हणून त्यांनी परिवहन कार्यालयात अर्ज दिला होता. तपासणीला आलेले साहेब भले होते. त्यांनी पाइप पाहिले, तबकडी पाहून जीभ टाळूला लावून कौतुक केलं, आणि म्हणाले, "काका, सुरेख. आता तिसऱ्या गिअरमध्ये पुढे घ्या." फोरमननी सांगितलं, तिसरा मागचा आहे. साहेबांनी पेनाला टोपण लावलं आणि पाऊस संपल्यावर येतो म्हणाले. त्यांचं चुकलं असं मला आजही वाटत नाही.

फोरमन मात्र त्या महिन्यात रोज सकाळी बेलवलीच्या मोकळ्या मैदानात जीप उलटी चालवायला शिकत होते. मान दुखली की दुसऱ्या खांद्यावरून बघत. त्यांनी दोन मोठे आरसे लावले. लोक हसत. "फोरमन, घर विसरलात काय?" ते आरसा नीट करत. एकदा मला म्हणाले, "पाऊस माझ्या दांड्यासाठी थांबणार नाही."

तो थांबला नाहीच. जुलैत एका सकाळी नऊ वाजता बायच्या शेजारणीचा फोन आला. पाणी गल्लीत शिरलं होतं, शेजारी माळ्यावरच्या नातेवाइकांकडे गेले होते, बाय ओट्यावर बसून होती आणि कोणाचं ऐकत नव्हती. फोरमननी फोन ठेवला आणि मला म्हणाले, "चला. मागे बघायला कोणी लागेल. म्हणजे पुढे."

पाण्याच्या कडेला पोचल्यावर त्यांनी बॉनेट उघडून पंख्याचा पट्टा काढला, पंख्याने इंजिनावर पाणी उडवू नये म्हणून. मग जीपची पाठ पाण्याकडे केली, पहिला गिअर टाकला आणि आम्ही शिरलो. मी मागच्या बाकावर, म्हणजे सर्वांत पुढे, पाय वर घेऊन. पाणी आधी मागच्या फळीवर आदळत होतं आणि इंजिनापर्यंत पोचेतो त्याचा जोर संपत होता. हे फोरमननी आधी योजलं होतं की नाही, मी विचारलं नाही. बसायच्या बाकाला पाणी लागलं तेव्हा दिवे गेले, बॅटरी बुडाली असावी. इंजिनाला त्याची खबर नव्हती. मांडवात किल्ली काढूनही न थांबायची जी खोड आम्हाला नडली होती, तीच आता आम्हाला ओढत होती.

बायच्या गल्लीत आम्ही पाठमोरे शिरलो, म्हणजे निघताना तोंड आपसूक बाहेर. वळायचं कामच नव्हतं. मागची फळी बरोबर ओट्याला लागली. बाय भिंतीला टेकून बसली होती, कुशीत देवांचा डबा. पाणी ओट्यावर घोट्याएवढं आणि भिंतीवरच्या खाचेच्या वीतभर खाली.

"कशाला आलास?" ती म्हणाली.

"बस, बाय."

"मना नाय बसाचा. परत बंद परली तं?"

"इच्यान ठिणगीच नाय, बाय. मंग ओली व्हाला काय हाय?"

"तुजा हिसोब मना नको. त्या दिशीपन तू हिसोबच सांगत होतास."

इंजिन धडधडत होतं. फोरमननी गिअर मोकळा केला, बाकावरून मागे आले, आणि मला वाटलं आता तिला विनवतील. त्यांनी खिशातून व्हर्नियर काढलं. खाच आणि पाणी यांच्यातलं अंतर किती उरलंय, ते किती वेळात भरेल, हे तिला आकड्यात पटवून द्यायचं असणार. वीतभर अंतराला व्हर्नियर पुरत नाही, हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत होतं? तरी त्यांनी त्याचा जबडा पूर्ण उघडून भिंतीला लावला, तो पाण्यापर्यंत पोचला नाही, तसा पुन्हा लावला. एकतीस वर्षं लेथवर असलेल्या त्या हाताला चुकीचं माप उचलताना मी कधी पाहिलं नव्हतं.

बायने तो हात पाहिला.  मग देवांचा डबा माझ्याकडे दिला आणि म्हणाली, "माप नको घेव. हात दे."

येताना पुढचा एकच गिअर होता, बैलगाडीच्या चालीचा. तो कुठेही बदलावा लागला नाही. पाण्याबाहेर आल्यावर फोरमननी गाडी थांबवून पट्टा पुन्हा चढवला. त्याला त्यांना फार वेळ लागला, आणि आम्ही दोघांनीही तिकडे पाहिलं नाही.

बाय दहा दिवस बेलवलीला राहिली. घर कोरडं झालं तशी परत गेली, जीपने नव्हे, कारण फोरमन तेव्हा तापाने झोपले होते. गाडीची स्तुती तिने कधीच केली नाही. शेजारणींना ती एवढंच सांगे, "उलटी गारी, पन बंद नाय परली."

पाऊस संपला. दांडे उपडे करायचे राहिले. मी विचारलं की फोरमन म्हणत, "बघू," आणि हा शब्द त्यांच्या तोंडी मी याआधी कधी ऐकला नव्हता. कागदावर अजूनही पेट्रोल आहे, आणि गाडी गल्लीबोळाबाहेर जात नाही. एकदा एका हवालदाराने अडवलं, पण गाडी येतेय की जातेय हेच त्याला ठरवता आलं नाही, तेव्हा त्याने हात जोडले.

त्या वर्षीच्या भाऊबीजेला सकाळी फोरमननी मला हाक मारली नाही. ते एकटेच निघाले होते, मीच धावत जाऊन चढलो. मांजर्लीत बाय गल्लीच्या तोंडाशी नवं लुगडं नेसून उभी होती. ओळखीचा रिक्षावाला तिच्यापुढे थांबला. तिने त्याला हातानेच, जा, असं सांगितलं. आमची पाठ तिच्यासमोर लागली. मी हात पुढे केला, तर तिने तो बाजूला सारून भावाचा घेतला आणि मागच्या बाकावर बसली.

आणि मग तिसऱ्या गिअरात, म्हणजे उलटेच, आम्ही बेलवलीला आलो. फोरमन खांद्यावरून मान वळवून, वाट म्हणून सबंध रस्ताभर बहिणीच्या तोंडाकडे बघत. फाटक आलं तेव्हा आत आधी बाय शिरली. भाऊ तिच्या मागून आला.